गोचीड कशी काढायची: कुत्र्याच्या अंगावरून आणि माणसाच्याही

गोचीड दिसली की हात आपसूक तिच्या टम्म फुगलेल्या पोटाकडे जातो, कारण धरता येण्याजोगं तेवढंच दिसत असतं. सगळा घोळ तिथेच होतो. गोचीड काढण्यातलं खरं कसब एकच आहे: पोटाला हात न लावता तिला कातडीलगत, तोंडाजवळ धरायचं आणि सावकाश सरळ ओढायचं. चिमटा घ्यायचा की हूक, कुठलं जंतुनाशक लावायचं, या गोष्टी त्यानंतरच्या.

असं का, हे कळायला तिचं तोंड कसं असतं ते माहीत हवं. गोचीड कोळी आणि विंचवाच्या कुळातली आहे. मोठीला आठ पाय असतात, अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला सहा. ती कातडीला चिकटून बसते, आणि मादी तर पोट भरेपर्यंत आठवडाभर किंवा जास्तही रक्त पीत राहते. तोंडाच्या पुढच्या दोन पात्यांनी ती कातडी कापते आणि मधला सोंडेसारखा भाग आत घालते. या सोंडेवर मागच्या बाजूला वळलेले बारीक दाते असतात, त्यामुळे आत शिरणं सोपं आणि बाहेर निघणं अवघड. बऱ्याच जातींच्या गोचिडी शिवाय लाळेतून एक चिकट द्रव सोडतात. तो घट्ट झाला की तोंड कातडीत पक्कं बसतं. कातडी बधिर करणारे आणि रक्त गोठू न देणारे घटकही लाळेत असतात. म्हणूनच ती कधी चावली हे ना कुत्र्याला कळतं ना माणसाला.

झटका दिला तर दाते आणि हा घट्ट झालेला चिकट पदार्थ सुटायला वेळच मिळत नाही, आणि सोंड तुटून आत राहते. पोट दाबलं तर आतला द्रव आणि लाळ तोंडावाटे कातडीत जाण्याचा धोका असतो, आणि रोगाचे जंतू असतात ते नेमके त्यातच.

काय करायचं नाही

व्हॅसलीन, तेल, नेलपॉलिश, रॉकेल, स्पिरिटचा बोळा, विझवलेली गरम काडी. हे सगळे उपाय एकाच समजुतीवर चालतात: गोचिडीचा जीव गुदमरला किंवा तिला चटका बसला की ती आपणहून सोडून देईल. गोचिडीचा श्वासोच्छ्वास अतिशय मंद असतो. तेलाखालीही ती बराच वेळ तग धरते आणि तेवढा वेळ लाळ सोडतच राहते. चटक्याने किंवा रसायनाने डिवचली गेली तर जास्त लाळ सोडण्याची किंवा पोटातलं उलटून टाकण्याची शक्यता वाढते. काडीने कुत्र्याचे केस जळतात आणि कातडी भाजते ते वेगळंच. स्पिरिट वापरायचंच, पण गोचीड निघाल्यावर.

नखांनी उपटून काढलेली गोचीड बोटांत चिरडू नका. क्रिमियन-काँगो तापासारखे काही रोग गोचीड चिरडताना तिचा द्रव जखमेला लागूनही होऊ शकतात, आणि नखांच्या कडेला बारीकसारीक जखमा बहुतेकांना असतातच.

आधी खात्री करा की ती गोचीडच आहे

कुत्र्याच्या पोटावरचं आचळ गोचीड समजून ओढलं गेल्याची उदाहरणं कमी नाहीत. आचळं नर कुत्र्यालाही असतात, छातीपासून जांघेपर्यंत दोन रांगांत, साधारण जोडीजोडीने. चामखीळ किंवा खपलीही अशीच फसवते. केस बाजूला करून टॉर्चच्या उजेडात बुडाशी बघा. गोचीड असेल तर कातडीलगत पाय दिसतात, बहुधा पुढच्या बाजूला एकवटलेले, आणि पोट बोटाने हलकेच ढकललं तर ते तोंडाभोवती कलतं. चामखिळीला पाय नसतात आणि तिचा रंग कातडीशी मिळताजुळता असतो.

आकार मात्र फार बदलतो. कुत्र्यांवर सर्वाधिक आढळणाऱ्या तपकिरी गोचिडीची उपाशी मादी जेमतेम ३ मिलिमीटरची, चपटी आणि लालसर तपकिरी असते. रक्त पिऊन ती ११-१२ मिलिमीटरपर्यंत फुगते आणि राखाडी-निळसर दिसायला लागते. नर फारसा फुगत नाही. मोठ्या करड्या मादीच्या शेजारी किंवा खाली तो चपटा तपकिरी नर लपलेला असू शकतो, म्हणून एक काढली की त्याच जागी पुन्हा बघायचं. पिल्लं खसखशीएवढी असतात आणि माणसाच्या अंगावर तीच जास्त चुकवतात.

अवजार

सगळ्यात उपयोगी म्हणजे बारीक, निमुळत्या टोकांचा चिमटा, ज्याची टोकं एकमेकांवर नीट बसतात असा. भुवया कोरायचा रुंद, तिरप्या तोंडाचा चिमटा बरा वाटतो, पण त्याने कातडीलगत पकड मिळत नाही आणि पोट दाबलं जातं. गोचीड काढायचे प्लॅस्टिकचे हूकही मिळतात. त्यांच्या पुढच्या टोकाला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असते, आणि ते लहान-मोठ्या अशा दोन मापांत येतात. केसाळ कुत्र्यावर आणि हलणाऱ्या मुलावर हूक सोयीचा पडतो. गोचिडीच्या अगदी छोट्या पिल्लासाठी मात्र चिमटाच.

त्याबरोबर पातळ हातमोजे, चांगला टॉर्च, शक्य असेल तर भिंग, ७० टक्के स्पिरिट घातलेली झाकणाची छोटी बाटली, पोव्हिडोन आयोडीन आणि कापूस. बाटली आधीच उघडून जवळ ठेवा. चिमट्यात जिवंत गोचीड धरून झाकण शोधत बसावं लागलं की ती हमखास खाली पडते, आणि फुगलेली मादी पडली तर घरात अंडी घालते.

हे काहीच जवळ नसेल तर अवजार आणायला जाईपर्यंत थांबू नका. शिवणाचा साधा दोरा घेऊन गोचिडीच्या तोंडाभोवती, कातडीला टेकून, एक सैल फास टाका, आवळा आणि दोन्ही टोकं एकत्र धरून सरळ वर सावकाश ओढा. दोराही नसेल तर कागद किंवा प्लॅस्टिकची पिशवी बोटांवर गुंडाळून शक्य तितकं कातडीलगत धरा. हे चिमट्याइतकं नीट होत नाही, पण दुसऱ्या दिवसावर ढकलण्यापेक्षा बरं.

कारण यात वेळेला किंमत आहे. कुत्र्यांच्या एर्लिकिया या जंतूला गोचीड चिकटल्यावर काही तास पुरतात. बबेसिया या रक्तपेशींतल्या परजीवीला साधारण दोन दिवस लागतात. लाइम रोगाचे जंतू माणसात उतरायला बहुतेक वेळा २४ तासांहून जास्त लागतात. पॉवसन विषाणूसारखे काही मात्र मिनिटांत जातात. कुठल्या गोचिडीत काय आहे हे बघून कळत नाही, म्हणून दिसली की काढायची.

कुत्र्याच्या अंगावरून

फिरून आल्यावर रोज पाच मिनिटं हाताने चाचपणं हीच मुख्य तपासणी. केसांच्या उलट दिशेने बोटांची पेरं कातडीवरून फिरवायची. डोक्यापासून सुरुवात करून डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला, कानांच्या आत-बाहेर, गळपट्टा काढून त्याच्याखाली, काखा, छाती, जांघ, शेपटीखाली आणि सगळ्यात शेवटी पंजे. पंजाचं प्रत्येक बोट वेगळं करून बेचक्यात बघायला लागतं, आणि तिथेच बहुतेकांचा उत्साह संपतो. कानाच्या बाहेरच्या कडेला खालच्या बाजूला कातडीची एक छोटी दुमड असते, आत बोटाचं टोक जाईल एवढी. ती उघडून बघा. लांब केसांच्या कुत्र्याच्या गोचिडी तिथे बसतात आणि महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

१. कुत्रा दमलेला किंवा निवांत असताना, भरपूर उजेडात बसा. एकाने डोकं आणि खांदे धरून त्याला बोलण्यात आणि खाऊत गुंतवायचं, दुसऱ्याने गोचीड काढायची. दुखरी जागा असेल किंवा कुत्रा चावरा असेल तर तोंडाला जाळी बांधा. धापा टाकणाऱ्या कुत्र्याला मात्र घट्ट बंद होणारी पट्टी बांधू नका.

२. हातमोजे घाला. गोचिडीभोवतीचे केस पाण्याने ओले करून दोन्ही बाजूंना चापून बसवा, म्हणजे भांग पाडल्यासारखी कातडी उघडी दिसेल. ही पायरी गाळली तर चिमट्यात गोचिडीबरोबर केस येतात, कुत्र्याला चिमटा बसतो, आणि पुढच्या वेळी तो चिमटा बघूनच पळतो.

३. चिमटा वरून न टोचता कातडीला जवळजवळ समांतर, आडवा आणा. टोकं कातडीला टेकली पाहिजेत. गोचिडीचं तोंड जिथे कातडीत शिरतं तिथेच पकडा. पकड घट्ट हवी, पण इतकी नको की तोंडच कापलं जाईल.

४. सरळ वर ओढा. ओढा म्हणजे खेचा नव्हे. ताण हळूहळू वाढवा. कातडी गोचिडीबरोबर तंबूसारखी वर उचलली जाईल. तिथे थांबा. ताण तसाच ठेवून दहा, वीस, तीस सेकंद. हा वेळ फार मोठा वाटतो आणि झटका द्यायचा मोह याच क्षणी होतो. थांबलात तर एका क्षणी पकड सुटते आणि कातडी परत खाली बसते.

५. निघालेली गोचीड लगेच बाटलीत टाका. तोंडाला पांढरट कण चिकटलेला असेल तर घाबरू नका, तो तिचाच घट्ट झालेला द्रव आणि कातडीचा अगदी पातळ पापुद्रा असतो. उलट, सगळं पूर्ण निघाल्याची ती चांगली खूण आहे.

६. जागा साबण-पाण्याने धुऊन पोव्हिडोन आयोडीन लावा. डोळ्याजवळ असेल तर नुसतं स्वच्छ पाणी. कुत्र्याला ती जागा निदान थोडा वेळ चाटू देऊ नका. शेवटी हात धुवा आणि चिमटा स्पिरिटने पुसा.

हूक वापरताना हालचाल वेगळी असते. तो बाजूने, कातडीला घासत सरकवायचा, खाच गोचिडीच्या तोंडाभोवती बसली की किंचित उचलायचा आणि बोटांत काडी फिरवावी तसा एकाच दिशेने हळूहळू फिरवायचा. दोन-तीन फेऱ्यांत ती सुटते. चिमट्याने मात्र पिळायचं नाही. हुकात गोचीड आवळलेली नसते, अख्खी फिरते. चिमट्यात ती दाबलेली असते, त्यामुळे पिळल्यावर तोंडाशी मुरगळून तुटते. दोन्ही पद्धती चालतात, त्यांची मिसळ चालत नाही.

कानाच्या नळीत खोल, पापणीच्या अगदी कडेवर किंवा तोंडाच्या आत बसलेल्या गोचिडीसाठी पशुवैद्याकडे जा. तिथे कुत्रा जरा हलला तरी इजा होते, आणि बऱ्याचदा थोडी गुंगी द्यावीच लागते.

कुत्र्याला आपली गोचीड दातांनी काढून खाऊ देऊ नका. हेपॅटोझून नावाचा परजीवी चावण्यातून पसरत नाही, तर कुत्र्याने गोचीड गिळल्यावर. तुम्ही काढलेली गोचीड जमिनीवर टाकून त्याच्या पुढ्यात सोडणं म्हणजे तोच धोका.

माणसाच्या अंगावरून

पद्धत तीच. बघायच्या जागा मात्र वेगळ्या: केसांची कड, कानामागे, मान, काखा, बेंबी, कमरेला पट्टा किंवा इलॅस्टिक बसतं ती रेघ, जांघा, गुडघ्यांच्या मागच्या खळगी, पायाच्या बोटांची बेचकी. पाठ आणि मागची बाजू दुसऱ्याने बघावी किंवा दोन आरसे वापरावेत. रान किंवा गवतातून आल्यावर दोन तासांत अंघोळ केली तर न चिकटलेल्या गोचिडी धुऊन जातात आणि चिकटलेल्या हाताला लागतात. मुलांच्या डोक्यातली तपासणी ओल्या केसांत, कंगव्याने भांग पाडत केली तर सोपी जाते.

पिल्लू इतकं लहान असतं की चिमटा कुठे टेकवायचा ते दिसत नाही. तिथे भिंग लागतंच. मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघितलं तरी भागतं. घोट्यावर किंवा पोटरीवर एकदम बरीच पिल्लं चढलेली असतील, जणू कुणी मिरपूड सांडली आहे अशी, तर त्यातल्या न चिकटलेल्यांवर रुंद चिकटपट्टी दाबून उचला. एका झटक्यात बरीचशी निघतात. मग उरलेल्या एकेक चिमट्याने.

कानाच्या आत गोचीड शिरली आहे असं वाटलं तर तेल घालत बसू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

एक अपवाद इथेच सांगायला हवा. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर पॅरालिसिस टिक नावाची जात आहे. तिच्या लाळेची तीव्र ॲलर्जी असलेल्यांना ती जिवंत असताना डिवचली तर जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते. म्हणून तिथे इथरयुक्त स्प्रेने गोचीड जागच्या जागी गोठवून मारायला सांगतात. आणि ज्याला कुठेही आधी गोचिडीमुळे अंगावर गांधी उठणं, घसा सुजणं, श्वास लागणं असं झालं असेल, त्याने घरी प्रयोग न करता दवाखान्यातच काढून घ्यावी.

तुकडा आत राहिला तर

या एका भीतीपोटी लोक गोचीड काढायचंच टाळतात, आणि भीती तेवढी खरी नाही. आत राहतो तो सोंडेचा तुकडा, अख्खी गोचीड नव्हे. तो रक्त पीत नाही, लाळ सोडत नाही, वाढतही नाही. चिमट्याच्या टोकात सहज येत असेल तर काढा. येत नसेल तर सोडून द्या. कातडी बारीक कुसळ जसं बाहेर ढकलते तसा तो काही दिवसांत आपोआप बाहेर पडतो. सुईने उकरणं आणि ब्लेडने कापणं यातून मूळ जखमेपेक्षा मोठी जखम होते आणि पू धरतो. आठवड्याभरात जागा लाल, गरम, दुखरी झाली किंवा पू आला तर दाखवा.

एखाद-दुसरा आठवडा तिथे छोटी कठीण गाठ हाताला लागू शकते. कुत्र्यांमध्ये तर ती बरीच दिसते, कधी खपली धरते, त्या जागचे केसही जातात. हळूहळू लहान होत असेल तर काळजी नको.

काढलेल्या गोचिडीचं काय करायचं

स्पिरिटच्या बाटलीत ती मरते. नसेल तर चिकटपट्टीच्या दोन थरांत नीट चिकटवून कचऱ्यात टाका. बुटाने चिरडण्यात अर्थ नाही. त्यातून द्रव पसरतो, आणि कडक पाठीची गोचीड चिरडायला जमतही नाही. साध्या पाण्यात ती लगेच बुडून मरत नाही, म्हणून बेसिनमध्ये सोडून खुश होऊ नका.

पहिली एखादी बंद पिशवीत ठेवा किंवा जवळून फोटो काढा, आणि तारीख, शरीरावरची जागा व फुगलेली होती की चपटी हे लिहून ठेवा. पुढे ताप आला तर डॉक्टर सगळ्यात आधी हेच विचारतील. चपटी म्हणजे नुकती चिकटलेली, टम्म म्हणजे दिवसांपासून बसलेली.

नंतरचे तीस दिवस

गोचीड काढायला दोन मिनिटं लागतात. लक्ष ठेवायचं काम महिनाभर असतं आणि नेमकं तेच विसरलं जातं.

माणसात चावल्याच्या जागी दोन दिवसांच्या आत उठणारा, खाज येणारा, ५ सेंटिमीटरपेक्षा लहान लाल डाग ही साधी प्रतिक्रिया असते आणि ती ओसरते. काळजीचा डाग वेगळा असतो. तो ३ ते ३० दिवसांनी, सरासरी आठवड्याने उठतो, दिवसागणिक पसरत जातो, ५ सेंटिमीटर ओलांडतो, आणि बऱ्याचदा खाजत-दुखत नाही. ही लाइमची खूण. पहिल्या दिवशी डागाच्या कडेने पेनाने रेघ ओढून ठेवली तर पसरतोय की नाही हे वादातीत कळतं. त्याशिवाय ताप, जोराची डोकेदुखी, अंगदुखी, काखेत-जांघेत अवधाण, चावल्याजागी काळी खपली, तळहात-तळपायांवर पुरळ यांतलं काहीही दिसलं तर डॉक्टरांकडे जा आणि गोचिडीचा उल्लेख स्वतःहून करा. कोणता रोग होईल ते प्रदेशावर ठरतं. उत्तर अमेरिका आणि युरोपात लाइम, युरोप-आशियाच्या पट्ट्यात गोचिडीचा मेंदूज्वर, पश्चिम घाटाच्या जंगलात १९५७ साली ओळखला गेलेला माकडताप. त्यामुळे गेल्या महिन्यात कुठे फिरलात हेही सांगा.

आधीच डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक घेऊन टाकू, हा सल्ला सहज दिला जातो. प्रौढांसाठी २०० मिलिग्रॅमचा एकच डोस देण्याची पद्धत आहे, पण ती लाइमच्या प्रदेशात, त्या जातीची गोचीड दीड दिवसाहून जास्त चिकटलेली असेल आणि काढल्यापासून ७२ तासांच्या आत असाल तर. हे डॉक्टरांनी ठरवायचं. बाकीच्या रोगांवर तो एक डोस उपाय नाही.

कुत्र्यात सुस्ती, जेवण सोडणं, ताप, नाकातून रक्त, पोटावर बारीक लाल ठिपके, हिरड्या फिकट किंवा पिवळट होणं, लघवी गडद तांबडी-तपकिरी होणं ही लक्षणं बघायची. हिरडीचा रंग बघायची सवय एरवीच लावा. निरोगी असताना ती कशी दिसते हे माहीत असेल तरच फिकट झालेली कळेल. गडद लघवी आणि फिकट हिरड्या एकत्र दिसल्या तर त्याच दिवशी दवाखाना, उद्या नाही.

मागच्या पायांपासून वर चढत जाणारा अशक्तपणा, लडखडणं, आवाज बदलणं हे गोचिडीच्या विषाने येणाऱ्या लकव्याचं लक्षण असू शकतं. माणसात, विशेषतः लहान मुलींच्या लांब केसांत लपलेल्या गोचिडीमुळे, हेच पायांपासून सुरू होतं. अंगभर शोधा, सापडेल ती काढा आणि लगेच दवाखान्यात जा. बहुतेक ठिकाणी गोचीड निघाल्यावर दिवसभरात फरक दिसतो. ऑस्ट्रेलियातल्या जातीत मात्र काढल्यानंतरही लकवा वाढू शकतो.

अंगावर दहा-वीस किंवा शेकडो असतील तर

चिमटा घेऊन बसू नका. कुत्रा आणि तुम्ही दोघंही थकाल आणि शेवटच्या गोचिडी उपटल्याच जातील. मोठ्या काढा, बाकी औषधावर सोडा. कुत्र्याच्या पिल्लांना आणि छोट्या कुत्र्यांना एवढ्या गोचिडींमुळे रक्तक्षय होऊ शकतो, म्हणून पशुवैद्याची भेट आधी.

फ्लुरालानर, अफॉक्सोलानर, सारोलानर, लोटिलानर या गटातल्या चघळायच्या गोळ्या सध्या सगळ्यात भरवशाच्या आहेत. त्या रक्तातून काम करतात, म्हणजे गोचीड चावल्यावरच मरते. गोळी दिल्यानंतर अंगावर गोचीड दिसली की लोक औषध फेल गेलं म्हणतात. तसं नाही. दिवस-दीड दिवस थांबा. वाळून सुकलेल्या, पाय आखडलेल्या गोचिडी तशाच चिकटून राहतात. त्या नेहमीच्याच पद्धतीने काढा. ज्या कुत्र्याला फिट येतात त्याला या गटातलं औषध देण्याआधी डॉक्टरांना सांगा.

मानेवर टाकायच्या थेंबांच्या आधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ नको. आधी शॅम्पूने कातडीवरचं तेल गेलं तर औषध पसरत नाही, नंतर घातली तर ते धुऊन जातं. मात्रा कुत्र्याच्या वजनाप्रमाणे असते. मोठ्या कुत्र्याची नळी दोन लहान कुत्र्यांत अंदाजाने वाटून टाकू नका.

विषबाधेची दोन कारणं पुन्हापुन्हा तीच असतात. पहिलं, गाई-म्हशींसाठीचं अमिट्राझ, सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन हे गोचीडनाशक अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्याला चोळणं. कुत्रा चाटतो आणि लाळ गळणं, थरथर, सुस्ती, झटके सुरू होतात. दुसरं, कुत्र्याचं परमेथ्रिन मांजरावर वापरणं. मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही आणि थोडी मात्राही जीव घेते. कुत्र्याला परमेथ्रिन लावलं असेल तर ते पुरतं वाळेपर्यंत मांजराला त्याच्याजवळ झोपू देऊ नका. असं काही लागलंच तर साध्या भांडी घासायच्या साबणाने आणि कोमट पाण्याने धुवा आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन दवाखान्यात जा.

घरात गोचिडी झाल्या असतील तर

तपकिरी गोचीड आयुष्यात तीन वेळा कुत्र्यावर चढते: पिल्लू असताना, अर्धवट वाढल्यावर आणि मोठी झाल्यावर. दर वेळी पोट भरलं की ती खाली उतरते. मधला सगळा काळ, म्हणजे तिच्या आयुष्याचा बहुतेक भाग, ती भिंतीच्या भेगांत, चौकटीमागे, पलंगाच्या सांध्यात काढते. मादी दोन ते चार हजार अंडी घालून मरते. या गोचिडीची चाल वरच्या दिशेने असते, म्हणून पडद्याच्या वरच्या कडेला आणि छताच्या कोपऱ्यात बघा. जमीन घासूनपुसून काढणारी घरं नेमका तोच भाग सोडतात.

व्हॅक्युम क्लीनरचं अरुंद तोंड प्रत्येक फटीत फिरवा आणि पिशवी लगेच गाठ मारून घराबाहेर काढा. कुत्र्याचा बिछाना ६० अंश सेल्सियस पाण्यात धुवा किंवा ड्रायरमध्ये जास्तीत जास्त उष्णतेवर फिरवा. थंड पाण्याच्या धुलाईने गोचिडी मरत नाहीत, कोरडी उष्णता त्यांना लवकर मारते. म्हणून रानातून आलेले कपडे आधी धुण्यापेक्षा कोरडेच दहा मिनिटं गरम ड्रायरमध्ये टाकले तरी काम होतं. भेगा बुजवा. फवारणी करून घेणार असाल तर घरातली सगळी जनावरं ती पूर्ण वाळेपर्यंत बाहेर ठेवा, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा. फवारणीतून अंडी सहसा वाचतात आणि दुसरी फळी त्यातूनच येते.

घरातल्या प्रत्येक कुत्र्याला एकाच वेळी औषध सुरू करा. एक जरी सुटला तर तो उरलेल्या गोचिडींचं जेवणघर होतो. उबदार हवेत अंड्यापासून अंड्यापर्यंतची फेरी दोन महिन्यांत पूर्ण होते, आणि उपाशी मोठी गोचीड वर्षभरही जगू शकते. म्हणून औषध निदान तीन-चार महिने सलग चालवायला लागतं. दुसऱ्या महिन्यात एकही दिसत नाही म्हणून थांबवलंत, तर भेगेतल्या उपाशी गोचिडी त्याच आठवड्यात कुत्र्यावर चढतात आणि मोजणी पहिल्या दिवसापासून.